माझ्या नावाने ज्याला अग्नी दिला

पोलीस खात्यात होते म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, किती चोर पकडले? खरं सांगायचं तर एकही नाही. सुरुवातीला बंदोबस्त केले, मग वायरलेसवर बसले, आणि नोकरीची शेवटची सहा वर्षं एका ग्रामीण पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डच्या खोलीत काढली. लोकांनी जुने कागद मागायचे आणि मी ते शोधून द्यायचे, हे माझं काम.

ठाण्याचं नाव लिहीत नाही. बदलापूर सोडून वांगणीकडे निघालं की जो पट्टा लागतो, तिथलं ते ठाणं. हद्द मोठी, माणसं विरळ. चार घरांची वाडी, मग डोंगर, मग पुन्हा सहा घरं. मधे मधे मुंबईकरांचे फार्महाउस, तेही पाच दिवस कुलूपबंद. अशा हद्दीत गुन्हे कमी घडतात, पण जे घडतात ते लोक पिढ्यान्पिढ्या लक्षात ठेवतात आणि एक दिवस त्याचा कागद मागायला येतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं पोलिसांचं रेकॉर्ड म्हणजे काहीतरी गुप्त. तसं नसतं. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज लिहायचा, कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा. तपास चालू असलेलं किंवा कुणाच्या जिवावर बेतेल असं सोडून बाकीचं मिळतं. गोम एवढीच की जो कागद आहे त्याचीच प्रत मिळते. ‘असं का झालं?’ याचं उत्तर मिळत नाही. हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जायचा. एका फार्महाउसवाल्याने, त्याच्या स्पीकरबद्दल ज्यांनी ज्यांनी तक्रार केली त्या सगळ्यांची नावं मागितली होती. नावं देता येत नाहीत म्हटल्यावर म्हणाला, “निदान किती जण ते सांगा.” मी मोजून सांगितलं. त्या आठवड्यापासून स्पीकर बंद झाला. एका ठाकूर आदिवासी म्हातारीला तिच्या हरवलेल्या शेळीच्या तक्रारीची प्रत हवी होती. शेळी मिळून, तिला करडं होऊन, तीसुद्धा विकून झाली होती. “मग कागद कशाला, आजी?” विचारलं तर म्हणे, “माझ्या नावाचा कागुद हाय ना सरकारात, तो बगायचा व्हता.”

तर अशा माणसांची मला सवय होती. विलास आला तेव्हा मला तोही असाच कुणीतरी वाटला.

पन्नाशीच्या आतला, सावळा, दाढी व्यवस्थित केलेला माणूस. नाव विलास गायकवाड, राहणार खरवई. टेबलासमोर उभा राहून त्याने अर्ज पुढे केला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“मॅडम, एका मयताचे कागद पाहिजेत. बावीस वर्षांपूर्वीचं आहे. नदीत बॉडी मिळाली होती.”

“मयताचं नाव?”

“विलास गायकवाड.”

“तुमचं नाव नाही, मयताचं.”

“तेच सांगतोय. कागदावर मयत मीच आहे.”

मी पेन खाली ठेवलं. मग तो बसला आणि त्याने जे सांगितलं ते असं.

तरुणपणी तो अंबरनाथच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. मोठा भाऊ सुधाकर घरचा कर्ता. विलास दारू प्यायला लागला तेव्हा सुधाकरने त्याला वस्तीत चारचौघांत मुस्काटात मारली. विलास घर सोडून अंबरनाथला खोली करून राहिला आणि काही महिन्यांनी कुणाला न सांगता सिल्वासाला गेला. त्याच आठवड्यात आमच्या हद्दीत नदीला एक प्रेत लागलं. पाच-सहा दिवस पाण्यात राहिलेलं, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. अंगात विलासच्याच कारखान्याचा निळा शर्ट. सुधाकर आधीच भावाला शोधत फिरत होता. खोलीमालकाने सांगितलं होतं की पोरगा आठवड्यापासून बेपत्ता आहे. त्याने शर्ट पाहिला, अंगकाठी पाहिली आणि तो तिथेच खाली बसला.

“मग तुम्ही कळवलं का नाही कधी? बावीस वर्षं?” मी विचारलं. पोलिसाचा आवाज लागला माझा.

“आधी राग होता, मॅडम. मग राग गेला आणि लाज राहिली. राग लवकर जातो. लाजेला वर्षं लागतात.” मग म्हणाला, “मागच्या महिन्यात आलो. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी मेलोय असंच समजून गेली.”

मला वाटलं, याला जिवंत असल्याचा दाखला हवाय. रेशनकार्ड, आधार, जमिनीवर नाव, शंभर भानगडी असतात. मी त्याला त्याची पद्धत सांगायला लागले. त्याने हात वर केला.

“ते मागाहून बघू. मी जिवंत आहे हे मला माहीत आहे. मला तो कोण होता ते पाहिजे. माझ्या नावाने ज्याला अग्नी दिला तो. त्याची पण आई असेल ना? माझी आई वाट बघायची थांबली, कारण तिला बॉडी मिळाली. ती बाई अजून बघत असेल.”

तीस वर्षं मी खात्यात काढली. भावाचं नाव गुन्ह्यातून काढायला, शेजाऱ्याचं घालायला, जमिनीसाठी, नोकरीसाठी, सूड म्हणून कागद मागणारी माणसं मी पाहिली होती. अनोळखी बाईसाठी कागद मागणारा हा पहिला. मी त्याचा अर्ज पुन्हा वाचला. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘सदर मयत इसम मी नसल्याने, तो कोण होता याबाबत असतील ते सर्व कागद मिळावेत.’

साहेबांना दाखवलं. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. वाचून म्हणाले, “मॅडम, बावीस वर्षांचे कागद नष्ट झाले असतील. उपलब्ध नाही म्हणून कळवा. आणि सापडलंच तर जे आहे ते द्या, जे नाही ते शोधत बसू नका.”

त्यांचं चूक नव्हतं. मुदत संपली की जुने कागद यादी करून नष्ट करायचे असा नियमच आहे. पण आमच्या खोलीत नियमाला उंदीर आणि आळस असे दोन शत्रू होते. आठ दिवस मी रोज जेवणानंतर तासभर जुनी दप्तरं सोडत होते. लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्याला आमच्याकडे रुमाल म्हणतात. वाहन अपघातांच्या एका रुमालात, चुकून बांधलेले त्या मयताच्या अकस्मात मृत्यूचे कागद मिळाले. कुणाच्या तरी चुकीमुळे ते वाचले होते.

पंचनामा चार पानी होता. शेळके हवालदारांच्या अक्षरात. ते मी येण्याआधीच निवृत्त झाले होते, पण त्यांचं अक्षर त्या खोलीत सगळीकडे होतं. उजवीकडे झुकणारं, एकसारखं. उंची, बांधा, शर्ट, पँट, पायात काही नाही. आणि मग एक ओळ: ‘उजव्या हातावर कोपराच्या खाली गोंदलेले आहे. अक्षरे उर्दूसारखी दिसतात. पंचांपैकी कोणास वाचता आली नाहीत. जशी दिसली तशी काढली आहेत.’

खाली त्यांनी ती अक्षरं काढली होती. दोन बोटं रुंदीची आकृती. वेलांटीसारख्या रेषा, आणि रेषांच्या खाली-वर ठिपके. पहिल्या अक्षराखाली चार ठिपके, दोनावर दोन. ते इतके नीट काढले होते की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

विलासच्या हातावर काहीही गोंदलेलं नव्हतं. मग सुधाकरला हे कसं दिसलं नाही? त्याचं उत्तर वेळांमध्ये होतं. पंचनामा सकाळी झाला. सुधाकर आला दुपारी, तोवर प्रेत गुंडाळलं होतं. त्याने दुरून गुंडाळलेली अंगकाठी आणि बाजूला काढून ठेवलेला शर्ट पाहिला. आणि आमच्या लोकांनी सकाळचा कागद दुपारच्या माणसाला वाचून दाखवला नाही. बेवारस प्रेत म्हणजे ठाण्याला घोर असतो. फोटो पाठवा, बिनतारी संदेश द्या, जागा बघा. कुणी रडत येऊन ‘हा माझा’ म्हणाला की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. मीही तिथे असते तर मलाही वाटलं असतं.

नियमाप्रमाणे मी विलासला प्रमाणित प्रती दिल्या. माझं काम तिथे संपलं होतं. त्याने ती अक्षरं बघितली आणि म्हणाला, “मॅडम, हे कोण वाचील?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी शेळके हवालदारांकडे बदलापूर गावात गेले. ज्याने काढलं त्यालाच आधी विचारावं, अक्षरं खरंच अशीच होती का. ते अंगणात पायावर ऊन घेत बसले होते. त्यांना ती केस आठवत नव्हती. कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “अक्षर माझंच. पोरी, पाण्यातली कितीतरी प्रेतं काढली मी. कुठली कुठली लक्षात ठेवू?”

“पण काका, हे एवढं नीट का काढलंत? नुसतं ‘गोंदलेलं आहे’ लिहिलं असतं तरी चाललं असतं.”

“वाचता येत नव्हतं ना,” ते म्हणाले. “वाचता आलं असतं तर काय लिहायचं नि काय सोडायचं ते ठरवलं असतं. येत नव्हतं म्हणून एक ठिपकासुद्धा सोडला नाही.”

मी अंबरनाथला राहते. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांचं उल्हासनगर शेजारीच. तिथल्या बाजारात वर्षानुवर्षं जाणं, आणि असेच ठिपके मी तिथल्या जुन्या सिंधी पाट्यांवर पाहिले होते. पण दुकानांच्या पाट्यांवर ही लिपी आता फारशी दिसत नाही. सिंध्यांची तरुण मुलं हिंदी वाचतात, इंग्रजी वाचतात. ओळखीच्या एका दुकानदाराने सिंधी शाळेतल्या एका निवृत्त मास्तरांकडे पाठवलं. मी आणि विलास दोघं गेलो. मास्तरांनी भिंग घेतलं आणि पहिल्या अक्षरावरच थांबले.

“ये उर्दू नहीं है. उर्दू में चार नुक्ते होते ही नहीं. ये सिंधी का ‘भ’ है.” मग बोट पुढे सरकवत वाचलं, “भगवानी. औरत का नाम है. घरवाली होगी, या माँ.” त्यांनी भिंग ठेवलं. “किसने लिखा है? बहुत साफ लिखा है.”

“ज्याला वाचता येत नव्हतं त्याने,” मी म्हटलं. मास्तरांना ते खरं वाटलं नाही.

आता मी माझ्या कामाच्या बाहेर गेले होते हे मला समजत होतं. सोमवारी साहेबांसमोर सगळं मांडलं. त्यांनी पंचनामा वाचला, ती आकृती पाहिली आणि उल्हासनगरच्या ठाण्यांना पत्र स्वतः सही करून दिलं: त्या महिन्यातल्या बेपत्ता माणसांच्या नोंदी पाहू द्याव्यात.

तिसऱ्या ठाण्यात मिळालं. बेपत्ता रजिस्टरमध्ये नाव हरेश, वय चोवीस, अंबरनाथच्या त्याच कारखान्यात कंत्राटी काम. खबर देणारी, आई भगवानी. सोबत तिचा अर्ज जोडलेला होता. मजकूर कुणीतरी मराठीत लिहून दिलेला आणि खाली तिची सही. मी शेळक्यांची आकृती त्या सहीशेजारी ठेवली. मला दोन्हीतलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. पण चार ठिपके, मग ती वेलांटी, मग खालचे दोन ठिपके. दोन्ही अगदी एकसारख्या होत्या.

दोन ठाण्यांमधलं अंतर म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत जाऊन परत यावं एवढं. एकाच आठवड्यात एका ठाण्यात आईने मुलगा हरवल्याचं लिहून दिलं आणि दुसऱ्यात त्या मुलाच्या हातावरचं आईचं नाव कुणीतरी उतरवून ठेवलं. बावीस वर्षं ते दोन कागद आपापल्या कपाटात पडून होते. आम्ही पोलीस सगळं लिहितो याचा मला अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, लिहितो खरं, पण वाचतो कोण?

तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा सुधाकर म्हणाला, मीपण येणार. साठीचा माणूस, एका ऑफिसात शिपाई म्हणून निवृत्त झालेला. भाऊ परत आल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता, असं विलासने सांगितलं होतं. वाटेत मला म्हणाला, “मॅडम, मी नीट बघितलं असतं तर त्या बाईला त्याच दिवशी कळलं असतं. मी शर्ट बघितला. माणूस नाही बघितला.”

“तुम्ही येऊ नका,” मी म्हटलं. “ती काय बोलेल सांगता येत नाही.”

“जे बोलेल ते ऐकायला पाहिजे ना कुणीतरी.”

उल्हासनगरच्या कॅम्पातली जुनी बरॅक. सगळे सिंधी दुकानदार नसतात हे तिथे गेल्यावर कळतं. एक खोली, मागे मोरी, भिंतीला लागून शिलाई मशीन. भगवानी पंचाहत्तरीच्या पुढची, हाडकुळी, कानात ऐकण्याचं मशीन. पोलीस म्हटल्यावर तिने आधी दार लावून घेतलं, मग उघडलं. विधवा मुलगी सोबत राहत होती, ती कामावर गेली होती.

अशी बातमी कशी सांगायची हे मी नोकरीत शिकले होते. आधी बसायचं, पाणी मागायचं, घाई करायची नाही. पण मी काही बोलायच्या आत तिने माझ्या हातातला कागद ओढून घेतला. त्यावर ती आकृती होती.

“ये मेरी सही है,” ती म्हणाली. “हरेश के हाथ पे थी. उसको तो सिंधी पढ़ना आता भी नहीं था. मेरी सही का कागज लेके गया और गुदवा के आया. मैंने थप्पड़ मारा था उसको.” मग कागदाकडे बघतच विचारलं, “नहीं है ना वो?”

“नहीं है, अम्मा,” मी म्हटलं. “तभी का नहीं है. नदी में मिला था.”

ती रडली नाही. कागद मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने जे विचारलं ते मला आजवर कुणीही विचारलेलं नव्हतं.

“उसके साथ कौन था?”

सुधाकर जमिनीवर बसला होता. तो म्हणाला, “मैं था, माँजी.” त्याची हिंदी मोडकी. “मेरा भाई समझके मैंने लिया उसको. गलती हो गया. मैंने आग दिया. हम लोग बौद्ध हैं, हमारा जैसा होता है वैसा किया. भंतेजी आए, वंदना लिया. पूरा बस्ती आया था, दो ढाई सौ लोग. मेरी माँ ने तीन दिन अन्न नहीं खाया. जलदान किया. उसके बाद हर साल उस दिन घर में खीर बनाते थे और लोगों को बुलाके देते थे. एक साल भी चुका नहीं.” त्याने हात जोडले. “नाम गलत था. बाकी सब बराबर किया.”

मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मला भीती होती ती ओरडेल, याला मारेल, निदान ‘तुमने मेरा बच्चा ले लिया’ म्हणेल. तिला तो हक्क होता.

ती म्हणाली, “बाईस साल मैं सोचती थी, मर गया होगा तो कहीं लावारिस जला दिया होगा. कुत्ते... क्या क्या सोचती थी. और मैं रो भी नहीं सकती थी. जिंदा होगा तो अपशकुन होगा.” ती सुधाकरकडे सरकली आणि त्याचे जोडलेले हात तिने सोडवले. “मतलब उसके लिए एक माँ रोई. उसी टाइम रोई.”

मग सुधाकर रडला. विलास उठून बाहेर गेला आणि बरॅकच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती काठी टेकत त्याच्यामागे गेली.

“तेरी माँ कहाँ है?” तिने विचारलं.

“नहीं है. दो साल हुए.”

“कौन सी तारीख?”

त्याने सांगितली. तिने ती दोनदा म्हणून घेतली. मला वाटलं म्हातारी विसरेल. पण त्या तारखेला ती मुलीला घेऊन रिक्षाने खरवईला गेली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांमध्ये जमिनीवर बसली. वंदना तिला येत नव्हती, तर हात जोडून बसून राहिली. मीही गेले होते. वस्तीतल्या बायका एकमेकींना हळूच विचारत होत्या, ही कोण. कुणीतरी सांगितलं. एकेक करून सगळ्या उठून तिच्या पाया पडल्या. मी कोकणातल्या देवळांत वाढलेली बाई. पण दोन घरांच्या दुःखाला असं एका सतरंजीवर बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

कागदांचं काम मात्र कागदांच्या गतीने झालं. साहेबांनी तहसीलदारांना अहवाल पाठवला. जबाब झाले, सहीची आणि गोंदणाची तुलना झाली, शेळके काका ऐंशीव्या वर्षी जबाब द्यायला रिक्षातून आले. मधे दोन वेळा फाइल त्रुटी काढून परत आली. शेवटी आदेश झाला. विलास कागदावर जिवंत झाला, त्याच्या आधारकार्डासाठी अजून खेटे घालायचे आहेत ते वेगळं. आणि हरेशला त्याच्या स्वतःच्या नावाने मृत्यू मिळाला.

ठाण्याच्या मयत नोंदीतली दुरुस्ती मीच केली. निवृत्तीला अकरा दिवस राहिले होते. भगवानी प्रत घ्यायला स्वतः आली होती, सुधाकर तिला घेऊन आला होता. जुनी नोंद पुसून टाकता येत नाही. तिच्यावर लाल शाईने एक रेघ ओढायची, खरं नाव वर लिहायचं, आदेशाचा क्रमांक टाकून सही करायची. मी ‘विलास’वर रेघ ओढली, वर ‘हरेश’ लिहिलं. पुढचा रकाना प्रेत ताब्यात घेणाऱ्याचा. सुधाकर गायकवाड. मयताशी नाते: भाऊ. मी तिथे पेन टेकवलं.

“ये क्या काट रही हो?” तिने विचारलं.

मी समजावलं. इथे लिहिलंय की ज्याने तुमच्या मुलाला नेलं तो त्याचा भाऊ होता. ते चूक आहे, म्हणून तेही दुरुस्त करायचं.

“वो मत काटो,” ती म्हणाली. “वो सही है.”

सुधाकर दाराशी उभा होता, त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मी आदेश पुन्हा उघडून वाचला. त्यात फक्त मयताचं नाव दुरुस्त करावं असं म्हटलं होतं. नात्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी पेनाला टोपण लावलं.